साती आसरांचं बिऱ्हाड

वारज्याच्या सरुबाईची कोथिंबीर मंडईत सगळ्यांच्या आधी संपायची. ती नदीच्या गाळात पिकायची. सरुबाईचं शेत मुठेच्या अगदी काठाला. पानशेतच्या पुरात नदीनं तिथलं वळण जरासं बदललं आणि पुढे दर पावसाळ्यात ती सरुबाईच्या काठाला थोडा थोडा गाळ आणून टाकू लागली. समोरच्या हिंदुरावांचा काठ तेवढाच ढासळायचा.

शेताच्या टोकाला साती आसरा होत्या, पाण्यातल्या देवी. म्हणजे शेंदूर फासलेले सात गोटे. सासऱ्यांनी सांगून ठेवलेलं, "आसरांपर्यंत आपलं." आणि आसरा तर पाण्यालगतच हव्यात. नदी सरकली की दिवाळीनंतर सरुबाई गोटे पाटीत घालायची, पाण्याजवळ नेऊन मांडायची, दहीभाताचा नैवेद्य दाखवायची आणि मागे राहिलेल्या ओल्या गाळात धने पेरायची.

"शेत वाढतंय की तुमचं," मंडईत कोथिंबीर घेताना मी एकदा म्हटलं.

"माझं कुठलं, बाई? देवींचं. मी आपली त्यांची हमाल," जुडी बांधता बांधता ती म्हणाली.

हिंदुराव पलीकडून ओरडायचे, "वैनी, माझी माती पळवताय हां!"

"नदी देती, मी घेती. देणारीला इचारा, भावजी!"

पुढे शहरातले वाडे पडू लागले आणि राडारोडा टाकायला जागा हवी झाली. हिंदुरावांनी आपला काठ मोकळा करून दिला. ट्रकमागून ट्रक आले. त्यांचा काठ पुढे सरकला, नदी अरुंद झाली आणि धरणाचं पाणी सुटलं की सरुबाईच्या बांधावर आपटू लागलं. दोन पावसाळ्यांत निम्मी कोथिंबीर वाहून गेली. गोटे पाण्यात उभे राहिले.

उन्हाळ्यात हिंदुराव कडक इस्त्रीचा सदरा घालून मुद्दाम आले. "वैनी, तुमचाच नेम हाय. देवी पाण्याच्या कडंला. आता आणा की मागं, शेवग्यापाशी."

शेवग्याचं झाड म्हणजे नदीपासून पार मागे, उरलेल्या वाफ्याच्याही पाठीमागे. गोटे तिथे गेले की वाफा नदीचा झाला, असं सरुबाईनं गावासमोर कबूल केल्यासारखंच.

"खरंय भावजी," ती म्हणाली. "नेम म्हंजे नेम."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं पाटी डोक्यावर घेतली आणि गुडघाभर पाण्यातून सरळ पलीकडे गेली. राडारोड्याच्या पायथ्याशी सातही गोटे मांडले, ताजा शेंदूर लावला, हिरव्या बांगड्या ठेवल्या, नारळ फोडला.

हिंदुराव धावत आले. "अवो, हे काय? देवी तुमच्या!"

"पाण्याच्या कडंलाच ठेवल्यात. पाण्याला काठ काय एकच आसतो व्हय?"

तेवढ्यात ट्रक आला. ड्रायव्हर बजरंगनं शेंदूर पाहिला, उतरून चपला काढल्या, पाया पडला आणि भरलेला ट्रक तसाच मागे घेऊन गेला. मग कुणीच ट्रक आणेना. हिंदुराव स्वतः गोटे उचलायला वाकले, तर त्यांच्या बायकोनं, तुळजाबाईंनी, वरून दरडावलं, "हात तर लावून बघा! घरात सून पोटुशी हाय."

तेव्हापासून नैवेद्य त्यांच्या चुलीवर शिजतो. देवींच्या माहेरची म्हणून तुळजाबाई सरुबाईला जेवायला बोलावतात. ती पोटभर जेवते आणि हात धुवायच्या निमित्तानं ढीग वाढला नाही ना, ते काठावर जाऊन बघून येते.

त्या पावसाळ्यात नदीनं तिच्या आणखी थोड्या सऱ्या नेल्या, राडारोड्याचाही एक कोपरा नेला आणि शेवग्यापर्यंत न पोचता बरीच आधी थांबली. दिवाळीनंतर कोथिंबीर मंडईत आली. थोडी, पण आली.

"देवींना परत आणणार की नाही?" मी विचारलं.

"आणीन की. गाळ यायला लागू दे," सरुबाई म्हणाली. "आत्ताच कशाला? माझ्याकडं नुसता दहीभात. तिकडं पुरणपोळी मिळतीया."