तपासणीच्या दिवशीची सुट्टी

पेठ वडगावजवळ आमच्या गावात झेडपीची शाळा आहे. तपासणीला साहेब येणार असले, की हेडमास्तर आदल्या दिवशीच वाचताना अडखळणाऱ्या पोरांना सांगायचे, "उद्या येऊ नका." म्हणजे शाळा हुशार दिसायची. माझी लेक तिसरीत होती; तिलाही तसंच सांगितलं होतं. तरीही ती गणवेश घालून गेली, तर तिला गेटवरनंच परत पाठवलं. दिवसभर गोठ्यात बसून ती म्हशीला धडा वाचून दाखवत होती. तेव्हाच मी मनाशी खूणगाठ बांधली.

पुढच्या वर्षी पालकसभेत हट्टानं शाळा समितीची अध्यक्ष झाले. आता अनुदानाच्या प्रत्येक खर्चाला माझी सही लागते. सहीआधी मी हेडमास्तरांना ठराव मोठ्यानं वाचायला लावते, ओळीवर बोट ठेवून. अडखळले, की पुन्हा पहिल्यापासून.

परवा तपासणीचा निरोप आला. मी घरोघरी जाऊन सांगितलं, उद्या एकही पोर घरी राहता कामा नये. मग हेडमास्तरांच्या दारात जाऊन उभी राहिले.

"गुरुजी, उद्या सायेब येणार हाईत. तुमी तेवढं घरीच ऱ्हावा. शाळा जरा बरी दिसंल की."