देव्हाऱ्यातला गडू

भिकुबाईंनी अख्खा भारत पाहिला होता, पण बराचसा चुलीच्या धुराआडून. जळगावहून सुटणाऱ्या यात्रेच्या बसवर एकोणीस वर्षं त्या स्वयंपाकीण होत्या. बद्रीनाथ पाचदा, रामेश्वर सहादा. जगन्नाथपुरी कितीदा, ते त्यांचं त्यांनाच आठवत नसे. यात्रेकरू दर्शनाच्या रांगेत उभे असत, तेव्हा भिकुबाई बसच्या सावलीत चाळीस माणसांची कणीक तिंबत बसलेल्या. कुणी चिडवलंच तर म्हणत, "देवले गरज व्हई ते तो येई बसजोडे!" देव काही बसजवळ आला नाही, पण भिकुबाईंचं त्यावाचून अडलंही नाही.

भडगावातली सगळी गल्ली त्यांना जिजीच म्हणे. त्या परतल्या की ओट्यावर माणसं जमत. समुद्र किती खारट, हिमालयातल्या थंडीत बट्टी कशी शिजत नाही, कुठल्या धर्मशाळेचा मॅनेजर किती चिंगूस, सगळं साग्रसंगीत. येताना त्या हरिद्वारहून तोंडाला कथलाचा डाख देऊन बंद केलेले गंगेचे गडू आणत आणि घरोघर वाटत. गल्लीत कुणी शेवटच्या घटका मोजू लागलं, की जिजींनी दिलेला गडू फुटे. एक मात्र कुंकवाचं बोट लावून स्वतःच्या देव्हाऱ्यात ठेवलेला. "हाऊ मना शे. कोनी हात लावू नका," अशी ताकीद.

त्यांची सून रूपा एरंडोलची. सासर-माहेर सोडलं तर तिची सगळ्यात लांबची सफर धुळ्याची, नणंदेच्या घरापर्यंत. जिजींवर तिचा भारी जीव, आणि तेवढाच धाकही.

गुडघे गेले आणि जिजींची बस कायमची सुटली. त्याच वर्षी त्या चार दिवस धुळ्याला लेकीकडे गेल्या असताना, भर दुपारी शेजारची बेबाबाई धावत आली. तिचे सासरे पितांबर आबा ऊर्ध्व लागून पडले होते आणि घरात गंगेचा थेंब नव्हता. रूपाने देव्हाऱ्याकडे पाहिलं. मरणाऱ्या माणसाला पाणी नाही म्हणायचं? तिने जिजींचा गडू काढून दिला. आबा शांतपणे गेले.

खरं तर यात चुकलं काहीच नव्हतं. चुकलं ते पुढे. जिजींनी मरणासाठी राखलेलं पाणी आपण परस्पर दिलं, आता त्या पुन्हा हरिद्वारला जायच्या नाहीत, या भीतीने रूपा कामाला लागली. तिने बाजारातून तसाच गडू आणला, गावच्या गिरणा नदीच्या पाण्याने भरला, भांडी सांधणाऱ्याकडून डाख लावून घेतला आणि कुंकवाचं बोट लावून जागेवर ठेवला. जिजी आल्यावर सांगू, असं ठरवलं. आल्यावर म्हणाली, उद्या सांगू. या उद्याची तीन वर्षं झाली. रोज सकाळी ती त्या गडूला हळद-कुंकू वाही.

संध्याकाळी सासू-सुना ओट्यावर बसत. जिजी द्वारकेपासून सुरू करत आणि मध्येच थांबून म्हणत, "मी सांगी सांगी थकनू. रूपा, आते तू सांग काही." रूपा हसून म्हणे, "मनाजोडे काय शे सांगाले, जिजी?" देशभर हिंडलेल्या बाईला एरंडोलच्या पोरीने सांगावं तरी काय!

पौषात जिजी अंथरुणाला खिळल्या. चौथ्या सकाळी त्यांचा मुलगा हिलाल याने देव्हाऱ्यातल्या गडूचा डाख फोडला आणि तुळशीच्या पानावरून पाणी आईच्या तोंडात सोडलं. रूपा उंबऱ्यात उभी होती. जिजींनी डोळे उघडून तिच्याकडे पाहिलं, पाणी गिळलं, आणि तासाभरात गेल्या.

वैशाखात आखाजी आली, पितरांची अक्षय्य तृतीया. जिजींच्या नावाची पहिली घागर भरली. वर खरबूज, सांजोरी, दोन आंबे. गेलेल्या बाईच्या नावाने एका बाईला जेवू घालायचं असतं. जिजींच्या पाटावर बेबाबाई बसली. पुरणपोळी आणि आमरस वाढता वाढता रूपाचा बांध फुटला. नवऱ्यासमोर, सगळ्यांसमोर ती म्हणाली, "जिजीना तोंडमा गंगा गई नही. ते गिरणानं पानी व्हतं. मी फसाडं त्यासले."

हिलालचा घास हातातच राहिला. बेबाबाईने ताट बाजूला सारलं आणि पदर डोळ्यांना लावला.

"जिजीसले ठाऊक व्हतं, रूपा. धुळाहून उन्यात, त्याच दिन मी पाय धरीसन सांगं, तुमना गडूनी मना सासराले तारं. घर गयात, देव्हारामा दुसरा गडू दखा. माले बोलन्यात, 'रूपाले काही बोलू नको. ती सोताच सांगी माले.'"

रूपाने हातातलं आमरसाचं भांडं खाली ठेवलं. तीन वर्षं, दर संध्याकाळी, जिजी ओट्यावर बसून तिला म्हणत होत्या, आते तू सांग काही. आणि ती दर संध्याकाळी हसून म्हणत होती, मनाजोडे काय शे सांगाले.