कपाळावरचा पट्टा आणि होडी

हात न चालणाऱ्यांसाठी माझी नात सई गेम बनवते आहे. कपाळाला मेंदूच्या लहरी टिपणारा पट्टा बांधायचा. मन निवलं की पडद्यावरची होडी पुढे सरकते. माझी होडी जागीच गरगरत राहिली. सईचा चेहरा उतरला.

"आजी, जोर लावू नकोस गं."

लग्नासाठी मला बघायला आले तेव्हा मी मान खाली घालून बसले होते आणि मनात मुलाच्या कानांना हसत होते. सगळे म्हणाले, शांत आहे हो मुलगी. मुलाच्या शहाण्या आईलाही ते खरंच वाटलं. हा पट्टा मात्र चेहऱ्याला विचारतच नाही.

सई नखं कुरतडत होती. लहानपणीही अशीच कुरतडायची. मी तिच्याकडे बघत राहिले.

"आजी, होडी निघाली," ती कुजबुजली. "आता पडद्याकडे बघ."

मी काही तिकडे बघितलं नाही.