काचेच्या पाटीवरची लग्नाची यादी

धाकट्या दिरांनी टॅबलेट आणला त्या दिवशी माझ्या यादीत अकरा कामं होती आणि टॅबलेट बघणं हे त्यात नव्हतं. तरी बघावा लागला. बाजारात येऊन त्याला आठवडाही झाला नव्हता. दिरांनी तो आधी सांगून ठेवून हैदराबादहून आणवला होता, आणि भालकीत हा पहिलाच, असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते. माझ्या मुलीचं लग्न सव्वीस दिवसांवर आलं होतं. वहीची पानं फडफडवत कसलं लग्न करता, ह्यात सगळं बसतं, असं म्हणून त्यांनी तो माझ्या कणकेच्या परातीशेजारी ठेवला.

पहिल्यांदा आला तो वास. नव्या चपलेच्या खोक्यातून येतो तसा, गोडसर आणि मळमळ आणणारा. मग ती काळी काच. बोट लावलं की बोट उमटायचं, पुसलं की तेलकट फराटा व्हायचा. दिवसभर दहा जणांनी हाताळल्यावर ती काच तुपाच्या डब्याच्या झाकणासारखी दिसायला लागली. एकदा पान उलटायला म्हणून मी सवयीनं बोटाला थुंकी लावली आणि ते बोट काचेवर टेकवलं. स्वतःचीच किळस आली. हाताला पीठ असलं तर तो ऐकायचा नाही, हात ओला असला तर भलतंच उघडायचा. म्हणजे स्वयंपाकघरातल्या बाईनं त्याला हात लावू नये, अशीच त्याची घडण.

शिवाय त्याचा लोचटपणा. सुरू केला की नमस्कार, बंद करताना पुन्हा भेटू, आणि मधे सारखं विचारणं. हे मान्य आहे का, ते मान्य आहे का. दीर न वाचता मान्य, मान्य करत पुढं जायचे. ‘लग्न’ एवढा एक शब्द टाइप केला, तर दुसऱ्या दिवसापासून घागरे आणि चेहऱ्याला लावायची मलमं दिसायला लागली. आपल्या घरातलं बोलणं कुणीतरी भिंतीला कान लावून ऐकतंय, असं मला वाटायचं. आमचे हे हसले, म्हणाले, शेजारीण नवीन आली असं समज.

माझी यादी वेगळी होती. लांब वही, दोऱ्यानं बांधलेली पेन्सिल, एका पानावर एक गाव. जनवाडा, उदगीर, लातूर, ठाणाकुशनूर. त्यात सासूबाईंची एक रीत मी पाळलेली होती. त्यांना वाचता यायचं नाही. कुणीतरी नावं वाचायचं आणि जिला मूळ धाडायचं तिच्या नावापुढं त्या कुंकवाचं बोट टेकवायच्या. मूळ म्हणजे नुसतं बोलावणं नव्हे. घरातलं माणूस त्या गावी जातं, पाणी पितं आणि लेकीला सोबत घेऊन येतं. बाकीच्यांना पत्रिका पुरते, लेकीला पुरत नाही. मूळ आल्याशिवाय आमच्याकडची लेक माहेरच्या लग्नाला पाऊल उचलत नाही, मग ती साठीची का असेना.

माझ्या वहीत अशी सात बोटं होती. पहिलं ठाणाकुशनूरच्या अक्कांच्या नावापुढं. अक्का म्हणजे माझी थोरली नणंद. आमच्या घरात नवरीला पहिली हळद तिची आत्या लावते, आणि तीन लग्नांत ती अक्कांनीच लावली होती. दोन वर्षांपूर्वी त्यांचे मालक गेले. यादी करताना माझा हात तिथं क्षणभर थांबला, खोटं कशाला सांगू. मग मी कुंकवात बोट बुडवून नेहमीपेक्षा जरा ठसठशीत टेकवलं. कुणाला विचारलं नाही. विचारलं असतं तर चर्चा झाली असती.

दिरांनी वहीच्या पानांचे फोटो काढले. लगेच काचेवर एक बटण आलं, पान स्वच्छ करू का म्हणून. त्यांनी दाबलं. तेलाचे डाग गेले, घड्या गेल्या, चुरगळलेले कोपरे सरळ झाले. पांढरं शुभ्र पान आणि त्यावर माझीच अक्षरं.

“बघा वैनी, डागबिग सगळे गेले,” ते म्हणाले.

माझे हात कणकेत होते. मी लांबूनच बघितलं आणि मला ते आवडलं, हेही लिहून ठेवते. आयुष्यात माझं पान इतकं स्वच्छ कधी दिसलं नव्हतं.

पुढचं काम वाटून दिलं. पत्रिका ह्यांच्याकडं, भांडी आणि मांडव माझ्याकडं, मूळ दिरांकडं. काचेवर कुठल्या नावापुढं मूळ ते दिसत नव्हतं, पण दिरांनी मला विचारलं नाही. लेकीबाळी आपल्याच, त्यात काय विचारायचं, म्हणून त्यांनी स्वतःच खुणा केल्या. बारा दिवसांनी त्यांनी ती पाटी माझ्यापुढं धरली. मुळाच्या कामासमोर हिरवी खूण आणि ‘पूर्ण’. यादीतलं एक काम उरकलं, एवढंच मला सुचलं. मी नावं मोजली नाहीत. तीस वर्षं याद्या करणारी मी, हिरव्या खुणेवर विसंबले.

हळदीच्या चार दिवस आधी गाद्या किती लागतील ते काढायला वही उघडली. ठाणाकुशनूरच्या पानावर ते कुंकू तसंच होतं, जरा सांडल्यासारखं. मी दिरांना विचारलं की अक्कांना आणायला कोण गेलं होतं.

त्यांनी वहीतल्या पानाकडं बघितलं. मग म्हणाले, “त्यास्नी मोबाइलवर पत्रिका धाडलीया.”

“आणि मूळ?”

“मला वाटलं, आता अक्काला कशाला तरास. हळदीत बायका कायबाय बोलत्यात. तुमी बी यादी बघून गप बसलात. मी समजलो, तुमचं बी तेच हाय.”

मी वहीतली बोटं मोजली. पान स्वच्छ करताना मशिनीनं सातही कुंकवं पुसली होती. त्यातली सहा दिरांनी आठवून परत लावली. सातवं त्यांना आठवत होतं, तरी लावलं नाही. आणि घरात सगळ्यांनी ती यादी बघितली होती. ह्यांनी, धाकट्या जावेनं, मीसुद्धा. कुणीच काही म्हटलं नाही, कारण प्रत्येकाला वाटलं, दुसऱ्यानं ठरवलंय. मला त्या काचेची जी किळस यायची, ती त्या दिवशी आम्हा सगळ्यांची आली.

दुपारची सगळी कामं मी खोडली आणि दिरांना गाडी काढायला लावली. वही पिशवीत घातली, कुंकवाचा करंडा घातला. टॅबलेट त्यांनी सोबत घ्यायला बघितला, तो मी परत आत ठेवला. रस्ताभर उसाच्या ट्रॅक्टरांमागं गाडी रांगत होती.

अक्का ओट्यावर तूर निवडत बसल्या होत्या. सुनेनं पाणी आणलं. चहाचं नाव निघालं नाही.

“पत्रिका पोचली,” अक्का सुपाकडं बघत म्हणाल्या. “सुनंच्या मोबाइलात फुलं पडलेली बघितली. लई पडली.”

मी काय झालं ते क्रमानं सांगितलं. वही, फोटो, बटण, हिरवी खूण, आणि मी मोजलं नाही ते. दिरांनी काय केलं ते सांगितलं नाही. ते त्यांनी सांगायचं होतं. मग वही उघडून त्यांच्या मांडीवर ठेवली. अक्कांनाही वाचता येत नाही. त्यांनी पानावरून हात फिरवला आणि कुंकवापाशी थांबल्या.

“ही माज्या आईची रीत हाय.”

“व्हय. पहिलं बोट तुमचंच हाय.”

“मग त्या मिशनीनं कामून पुसलं?”

“तिला ते डाग वाटले, अक्का.”

बराच वेळ त्यांनी बोट तिथंच ठेवलं. “कुंकवाला डाग म्हनली व्हय ती,” असं त्या स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाल्या. मग मान वर करून भावाकडं बघितलं. “ती मिशीन हाय. तू काय म्हनलास रं?”

दिरांनी मान खाली घातली. पन्नाशीचा माणूस, पण पायानं ओट्याखालची माती उकरायला लागला. अक्का उठल्या. सुनेला चहा टाकायला सांगितलं आणि आत गेल्या. चहाला उकळी यायच्या आत त्या पिशवी घेऊन बाहेर आल्या. सामान बांधायला किती वेळ लागतो हे मला पक्कं ठाऊक आहे. ती पिशवी त्या दिवशी भरलेली नव्हती. कितीतरी दिवस ती दारामागं भरून ठेवलेली होती.

हळदीच्या सकाळी मांडवात कुजबुज झालीच. अक्का मागं, खांबाशी उभ्या राहिल्या आणि दुसऱ्या बायकांना पुढं करायला लागल्या. मी वही उघडली आणि लग्नाला आलेल्या लेकींची नावं मोठ्यानं वाचायला घेतली. पहिलं अक्कांचं नाव वाचून थांबले. दुसरं वाचलं नाही.

दीर हळदीची वाटी घेऊन गर्दीतून खांबापाशी गेले. फोटो काढायला त्यांचे हात मोकळे नव्हते. टॅबलेट आतल्या खोलीत गाद्यांच्या थप्पीखाली होता. चार्ज करायचंही कुणाच्या ध्यानात नव्हतं.

“अक्का, आदी तुमी,” ते म्हणाले.

अक्कांनी वाटीत बोट बुडवलं.