गाडीचं पोट

सौदीत तबूकला आमच्या ऑफिससमोरच्या गॅरेजात रत्नागिरीकडचा एक रंगारी होता, मूळचा होड्या रंगवणारा. शर्यतीच्या गाड्यांवर ज्वाळा काढायला त्याला ठेवलेला, पण हा आधी दोन दिवस गाडीखाली उताणा पडून तिचं पोट रंगवायचा.

"ते कोण बघणार?" मी विचारलं.

"होडी खालूनच कुजते, साहेब."

वाळवंटात काय कुजणार, हे त्याला विचारायची सोय नव्हती.

एकदा शर्यतीत गाडी उलटली. मालक धडधाकट बाहेर आला आणि पोटावरच्या ज्वाळा बघतच राहिला. बॉनेटवरच्यापेक्षा त्या देखण्या होत्या.

पुढे रंगाऱ्याच्या जागेवर सौदी माणूसच हवा असा नियम आला. जाण्यापूर्वी यानेच नव्या माणसाला महिनाभर काम शिकवलं.

परवा मी माझी गाडी रंगवायला नेली. नवा रंगारी काही न विचारता सरळ गाडीखाली शिरला.