टाचेमागची तीन बोटं

आमच्या खोऱ्यात बुर्गीकडून स्कीचे बूट घ्यायचे, तर आधी तिचे बटाटे सोलावे लागतात. आरशासमोर चार पावलं टाकली, पैसे दिले आणि निघालो, असलं तिच्याकडे चालत नाही. बूट आवळून तिच्या स्वयंपाकघरात उभं राहायचं, बटाटे सोलायचे, पीठ मळायचं आणि दुपार कलली की पाय कुठे दुखतोय ते सांगायचं. बाईला वेड लागलंय, असं पलीकडच्या गावचे लोक म्हणतात. म्हणतो आम्हीही, पण बूट घ्यायला तिच्याचकडे जातो.

तिचा बाप चामड्याचे बूट शिवायचा. प्लास्टिकचे बूट आले तेव्हा म्हाताऱ्याने हात टेकले. ही मात्र सीमेपलीकडे इटलीत, बुटांच्या कारखान्यात दोन हिवाळे राबून आली आणि बापाचंच दुकान पुन्हा उघडून बसली. आता साठी उलटली आहे. लग्न केलं नाही. तोंडाची फटकळ, पण हात असा की तिने बसवलेला बूट पायात आहे हेच विसरायला होतं.

आमच्या लोकांची एक जुनी खोड आहे. स्की लावूनच डोंगर चढायला अख्खी सकाळ लागते आणि उतरणं चहा निवायच्या आत संपतं, म्हणून बूट घेताना सगळा विचार चढणीचा. हलका हवा, ऐसपैस हवा, जाड लोकरी मोजा आत मावला पाहिजे. म्हणून एक माप मोठाच घ्यायचा. मग उतरताना टाच आतल्या आत उचलली जाते, माणूस एकीकडे वळतो आणि स्की दुसरीकडे. त्याचं खापर बर्फावर फोडलं की झालं.

कासिअन त्यातलाच. तो डोंगरातल्या बचाव पथकात आहे. त्याच्या बापाला याच पथकाने कोसळलेल्या बर्फाखालून जिवंत उकरून काढलं होतं, तेव्हापासून या माणसाला पथकाशिवाय दुसरं काही सुचत नाही. पण गेल्या हिवाळ्यात, जखमी माणसाला घसरगाडीवरून अरुंद घळीतून उतरवायच्या परीक्षेत, त्याने गाडी उलटवली. गाडीत खोटा जखमी होऊन झोपला होता पथकाचा प्रमुख रोमेद, म्हणजे माझा नवरा. त्याच्या खांद्याचं हाड मोडलं. पुढे कितीतरी दिवस त्याच्या शर्टाची बटणं मी लावली, तेव्हा कासिअनसाठी माझ्या तोंडात साखर कुठून येणार?

रोमेद माझ्याहून मवाळ. त्याने कासिअनला आणखी एकदा परीक्षेला बसू दिलं. या खेपेला जमलं नाही तर पथकातून नाव कमी.

कासिअन बुर्गीकडे आला तेव्हा मी तिच्या स्वयंपाकघरातच होते.

"बुर्गीमावशी, माझे पायच कच्चे झालेत बघ. मांड्या पेटतात, पण स्की वळतच नाही."

"पायांना कशाला शिव्या देतोस? आण तो बूट इकडे."

तिने बुटातलं मऊ अस्तर उपसून काढलं. नुसत्या कडक कवचात त्याला पाय घालायला लावला, बोटं पुढे टेकवायला लावली आणि टाचेमागच्या फटीत आपला हात घातला. एक, दोन, तीन बोटं सहज गेली.

"एक बोट जागा हवी, फार तर दीड. इथे मांजर बाळंत होईल!"

मी हसले. कासिअन लालबुंद झाला.

मग तिने लहान मापाचा बूट चढवला, तोही जरा जास्त ताठ. कासिअन कळवळला. "मावशी, बोटं पुढे चिरडतायत!"

"खांबासारखा उभा राहिलास तर चिरडणारच. गुडघे पुढे घाल. नडगी बुटावर रेलू दे. आता?"

"आता... टाच मागे सरकली. बोटं सुटली."

"मग! आधी पावलावरचा पट्टा आवळायचा, मग असं रेलायचं आणि मग वरचे. तू उलटं करत होतास. आणि तो मेंढीएवढा मोजा काढ, पातळ घाल. आता बस बटाटे सोलत. बस म्हणजे उभा राहा."

बटाटे संपत आले तेव्हा त्याचा घोटा ठणकायला लागला. बुर्गीने कधी ओठाला न लावलेली लिपस्टिक डब्यातून काढली, घोट्याच्या हाडावर फासली आणि पाय पुन्हा कवचात घातला. आत जिथे लाल ठिपका उठला, तिथलं प्लास्टिक तापवून तिने बाहेर फुगवलं. तळव्याच्या कमानीखाली आधार घातला. हे असं आठवडाभर चाललं. तो रोज यायचा, ती रोज केसभर काहीतरी बदलायची, आणि आम्ही रोज बटाट्याचंच खायचो.

पण परीक्षेची आमच्याकडे एक रीत आहे. गाडीत झोपणारा माणूस परीक्षा देणाऱ्यानेच शोधून आणायचा. जो कुणाला आणू शकत नाही, त्याच्यावर भरवसा कुणाचा? कासिअन गावभर फिरला. कुणाची पाठ धरली होती, कुणाची गाय विणार होती. माझ्या दारी तो आलाच नाही, आणि आला असता तरी मी नाहीच म्हटलं असतं.

परीक्षेच्या सकाळी तो घळीच्या माथ्यावर रिकाम्या गाडीशेजारी मान खाली घालून उभा होता. रोमेद म्हणाला, "माणूस नाही तर परीक्षा नाही, कासिअन."

"आहे की माणूस," मागून आवाज आला. बुर्गी स्की लावून चढून आली होती, धापा टाकत.

"बुर्गी, वेडेपणा करू नकोस. वय बघ आपलं."

"वय मी बघते, तू उतार बघ." आणि ती सरळ गाडीत आडवी झाली. "काय रे, बघतोस काय? पट्टे बांध माझे."

मी शेजारच्या धारेवर उभी होते. कासिअन गाडीच्या पुढच्या दांड्यांमध्ये उभा राहिला, बूट आवळले, रेलला आणि निघाला. गेल्या खेपेला गाडी उलटली तो वळसा आला तेव्हा मी देवाचं नाव घेतलं. त्याचे गुडघे पुढे गेले, दोन्ही स्की एकदम वळल्या आणि गाडी त्यांच्यामागून निमूट आली. मला बुर्गीचा हेवा वाटला, खरंच सांगते. हयातभर केलेल्या कुठल्याही कामाच्या भरवशावर मी असा जीव सोपवून आडवी पडले नसते.

आम्ही खाली पोचलो तेव्हा कासिअन रडत तिचे पट्टे सोडत होता. बुर्गी उठून बसली, टोपीवरचा बर्फ झटकला आणि म्हणाली, "उजवीकडे वळताना गाडी किंचित अडखळते. डावा पाय अजून सैल आहे तुझा. उद्या ये दुकानात."

"उद्या त्याला जमणार नाही," रोमेद म्हणाला. "उद्या पथकात त्याची पाळी आहे."