जांभळीखालच्या चपला

आम्ही खालच्या आळीच्या बायका लग्नाकार्यात एकत्र बसलो, की फिरून फिरून विषय नदीवरच येतो. एकीनं एक आठवण काढली की दुसरीला दुसरी सुचते, आणि हसून हसून पोट दुखतं. पण खरं सांगू? तेव्हा आम्ही सगळे एकजात भेदरलेले होतो. खाली नदीला, वर देवीला!

आमचं गाव कराडच्या खाली, कृष्णाकाठी. घराची मागची भिंत थेट नदीच्या दरडीवर. मालक लढाईवर गेलेले. घरात मी, कडेवरची सुमन, धाकटे दीर बापू भावजी आणि सासूबाई. त्यांना मी आत्याबाई म्हणायची. त्या भिंतीला एक भेग होती, आणि दर पावसाळ्यात मी तिच्यात बोट घालून बघायची. त्या साली मनगटापर्यंत हात गेला. मी कुणाला बोलले नाही, पण सुमनचा पाळणा पुढच्या सोप्यात आणून बांधला.

आत्याबाईंची तऱ्हा निराळी! पाऊस लागला की घरातलं सगळं गाठोड्यात बांधायच्या, ते दिवाळीपर्यंत सोडायच्या नाहीत. एकदा सांगलीचे पाहुणे आले. गाठोडी बघून म्हणाले, "आत्याबाई, कुठं निघालाय?"

"ते नदी ठरवंल!"

पाहुणे मुक्कामाला आले होते. चहा घेऊन लगोलग परतले!

*

शेवटी खालच्या आळीनं सरकारात अर्ज केला, की आम्हाला डोंगराच्या उतारावर घरं बांधू द्या. पण तो उतार म्हणजे आईची, आमच्या देवीची राई; वर तिचं देऊळ. तिथली वाळकी काटकीसुद्धा कुणी उचलत नसे. पायथ्याला जांभळीचं झाड होतं. तिथं चपला काढायच्या, मगच वर पाय टाकायचा.

कराडहून मोजणीदारसाहेब आले. "राईची हद्द कुठून सुरू होते?" ना दगड, ना कुंपण. सगळे एकमेकांकडं बघायला लागले. शेवटी कुणीतरी बोललं, "लोक चपला काढत्यात, तिथनं."

साहेब हसले. म्हणाले, "ठीक आहे. पाऊस सरला की येतो. जिथं चपला दिसतील तिथं हद्द, त्याच्या खालची जागा घरांना."

आता जांभळीच्या खाली एक गोठासुद्धा बसला नसता! म्हणजे घरं हवी असतील तर चपला वर सरकायला हव्यात. साहेबांची पाठ वळली आणि गावात चपलांवरून जुंपली.

*

मारुतीच्या देवळात बैठक बसली. देवीची पूजाअर्चा तात्या गुरवांकडं. म्हातारा वरच्या आळीत राहायचा, पुराचं पाणी त्यांच्या उंबऱ्याला कधी लागलं नव्हतं. ते कडाडले, "एक चप्पल जरी जांभळीच्या वर गेली, तरी आई कोपंल! पटकी आली तर मग माझ्याकडं येऊ नगासा!"

पटकीचं नाव काढल्यावर सगळी बैठक गारठली. मी सुमनला पदराखाली घेतलं.

तेवढ्यात आत्याबाई मागून उठल्या. "तात्या, आई कवा कोपंल ते ठावं न्हाई. नदी मातुर दरसाल कोपती. तिला काय सांगू, तात्यास्नी इचारून ये म्हणून?"

तात्या तडक उठले. त्यांनी घंटा वाजवली आणि बैठक संपली!

*

मग बापू भावजींनी पुढाकार घेतला. तरणाबांड गडी, छाती काढून म्हणाला, "मी जातो वर, पायांत घालून!" मालकांनी रजेवर आल्यावर त्याला आपले जुने पलटणीतले बूट दिले होते. ते घालून हा जांभळीच्या पुढं वरच्या कातळापर्यंत गेला. आळीनं खालून बघितलं.

संध्याकाळी त्याच्या पोटात कळ उठली! पांढराफटक पडला. मी ओवा दिला, तो घेईना. दुसऱ्या दिवशी कुणाला न सांगता नारळ घेऊन आईच्या देवळात गेला. तात्या आत गाभाऱ्यात होते, त्यांनी सगळं ऐकलं.

"आई, पाय माजं हायत, पर बूट सरकारचं हायत. काय कोपायचं ते सरकारवर कोप!"

*

आणि मग तो दिवस. भर दुपारी नदी फुगली. दुपारचं जेवणसुद्धा झालं नव्हतं. "पळा!" एवढंच ऐकू आलं. आत्याबाईंनी गाठोडं उचललं, मी सुमनला. मागं आमची भिंत बसली, तिचा आवाज मला अजून झोपेत येतो.

सगळी आळी डोंगराकडं धावली, आणि जांभळीपाशी अडकली! का? तर पुढची माणसं वाकून चपला काढत होती! वाट अरुंद, मागं पाणी. आणि सगळ्यांच्या पुढं कोण? बापू भावजी! भिजलेल्या बुटांच्या नाड्या सुटेनात, आणि हा गडी रडतोय.

वरून, देवळापासून तात्या ओरडले, "आरं, तसाच ये की रं वर!"

"आई बघती हाय, तात्या!"

पाणी आत्याबाईंच्या कमरेला लागलं. गाठोडं गेलं. मी सुमनला डोक्यावर धरलं, वाटलं आता हातातून सुटते. तेवढ्यात तात्या अनवाणी धावत खाली आले. त्यांनी भावजीच्या कानाखाली एक वाजवली, त्याला बुटांसकट वर ढकललं आणि सुमनला माझ्या हातातून घेतलं.

माणसं सगळी वाचली. चपला तेवढ्या वाहून गेल्या.

*

पाऊस सरल्यावर ठरल्याप्रमाणे मोजणीदारसाहेब आले. आम्ही तोवर आईच्या देवळाच्या ओवरीत राहत होतो. साहेबांनी जांभळीखाली बघितलं, वर बघितलं. एक चप्पल नाही! सगळी आळी अनवाणी उभी. बापू भावजींनी तर त्या दिवसापासून बूट पायांत घातलेच नव्हते.

साहेब चक्रावले. "अहो, मग हद्द कुठं धरायची?"

सगळ्यांनी तात्यांकडं बघितलं. सुमन नेमकी त्यांच्याच कडेवर होती, त्यांच्या कानातल्या बाळीशी खेळत. तात्या जांभळीकडं बघत राहिले.

साहेबांना वाटलं, हीच जागा असणार. ते जांभळीखाली वाकून बुटाची नाडी सोडायला लागले.

"साहेब, हितं नगं," तात्या म्हणाले, आणि सुमनला घेऊन चढायला लागले.

साहेब मागून म्हणाले, "अहो, मग कुठं?"

तात्यांनी वळून बघितलं नाही.

"चला तुमी. मी सांगतो तवा काढा."